परक्या गावचा कुत्रा : सहलीला निघण्याआधी वर्गात घ्यायचा एक पाठ



सहलीची संमतीपत्रकं गोळा झाली की मी वर्गात एक तास राखून ठेवते. डबा, पाण्याची बाटली, उलटीची गोळी हे सगळं सांगून झाल्यावर फळ्यावर एकच प्रश्न लिहिते : 'आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचं नाव काय?' मग जो गोंधळ उडतो तो बघण्यासारखा असतो. काळू, राजा, मोत्या, टायगर, एक 'लंगड्या', एक 'पुष्पा'. कोणता कुत्रा कुणाच्या दारात झोपतो, कोणता फक्त दूधवाल्यावर भुंकतो, कुणाला बिस्कीट आवडतं आणि कुणाला फक्त चपाती, हे मुलांना तोंडपाठ असतं.

त्यानंतर दुसरा प्रश्न : 'आपण परवा जिथे जाणार आहोत, तिथल्या कुत्र्यांची नावं काय?' वर्ग गप्प होतो. माझा पाठ तिथून सुरू होतो.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या मुलांचा प्रवास खूप वाढलाय. साताऱ्याची मुलं कासला आणि महाबळेश्वरला जातातच, पण आता सांगली-मिरजेतून गोव्याला आणि तिथून पुढे थायलंड, श्रीलंका, बालीलाही आई-वडिलांबरोबर जाऊन येतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई करणारी कुटुंबं तर देशभर पसरलेली आहेत. त्यांची मुलं मे महिन्यात गावी येतात आणि गावची मुलं सुट्टीत त्यांच्याकडे जातात. कराड-इस्लामपूरकडच्या कितीतरी घरांतल्या लेकी-मुलं इंग्लंड-ऑस्ट्रेलियात आहेत, त्यांची नातवंडं दिवाळीत आजोळी येतात. या सगळ्या मुलांना आपण रस्ता ओलांडायला शिकवतो, अनोळखी माणसाशी कसं वागावं ते शिकवतो. अनोळखी कुत्र्याशी कसं वागावं हे मात्र कुणी शिकवत नाही. आपल्या गल्लीत मूल सुरक्षित असतं ते कुत्र्याविषयी त्याला काही कळतं म्हणून नव्हे, तर दोघांची ओळख असते म्हणून. गाव सोडलं की ती ओळख मागे राहते, आणि मुलाचा हात मात्र सवयीने पुढे जातो.

आपलं कुत्र्यांशी नातं जुनं आहे

हा पाठ मी कुत्र्यांची भीती घालून कधीच सुरू करत नाही. भ्यालेलं मूल पळतं, आणि पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतो. शिवाय आपल्या भागात कुत्र्याला वाईट म्हणणं मुलांना पटतही नाही. साताऱ्याजवळ माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ, छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीच्या वेळी त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी कथा घरोघरी सांगतात. पालीच्या खंडोबाला गेलेल्या मुलाने देवाजवळचा कुत्रा पाहिलेला असतो. औदुंबरला आणि नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या घरांत दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतातच. गुरुवारी कुत्र्याला पोळी घालणारी आजी आपल्या प्रत्येक वर्गातल्या चार-दोन मुलांच्या घरी सापडेल.

या मायेतच एक फसगत आहे. देवाजवळचा कुत्रा म्हणून मुलं देवस्थानातल्या कुठल्याही कुत्र्याच्या गळ्यात हात घालतात. तीर्थक्षेत्रातली कुत्री माणसाळलेली दिसतात, पण त्यांचं लक्ष प्रसादाच्या पिशवीवर असतं. दोन कुत्र्यांच्या मध्ये एक पेढा आणि तो पेढा मुलाच्या हातात, अशा वेळी चावा बसतो तो बहुतेकदा रागाचा नसतो, घाईचा असतो. पण चावा तो चावाच.

दोन म्हणी तपासून बघू

'आपल्या गल्लीत कुत्रासुद्धा वाघ असतो' असं आपण म्हणतो. ही म्हण मी मुलांना विज्ञानाच्या तासाला सांगते, कारण ती अगदी बरोबर आहे. भटक्या कुत्र्यांची टोळी आपली हद्द राखते. उकिरडा, हॉटेलच्या मागची बाजू, मटण-चिकनच्या दुकानांचा कचरा पडतो ती जागा, एसटी स्टँडचा एखादा कोपरा, ही त्यांची हद्द. दिवसा माणसांच्या गर्दीत ती झोपून असतात. रात्री आणि पहाटे रस्ता त्यांचा होतो. सहलीची गाडी नेमकी पहाटे पाचला सुटते, आणि पाठीवर सॅक, डोक्यावर माकडटोपी घातलेली मुलं अंधारातून शाळेकडे येतात. ओळखीचा काळूसुद्धा त्या वेळी त्यांना ओळखेल याची खात्री नाही. म्हणून पहाटेच्या गाडीला मुलाला एकटं पाठवू नये, हे पालकसभेत मी आवर्जून सांगते.

दुसरी म्हण 'भुंकणारा कुत्रा चावत नाही.' ही साफ चुकीची आहे. भुंकणं म्हणजे 'लांब राहा' असा इशारा. तो न ऐकता पुढे गेलं तर भुंकणारा कुत्राही चावतो. आणि काही कुत्री अजिबात न भुंकता मागून येऊन पोटरी धरतात, हे दुचाकीवाल्या पालकांना वेगळं सांगायला नको. तसंच 'शेपूट हलवतोय म्हणजे प्रेमळ आहे' हेही अर्धवट खरं आहे. अंग सैल सोडून, कंबरेपासून हलणारी शेपूट वेगळी. अंग ताठ, शेपूट वर आणि फक्त टोक थरथरतंय, ती वेगळी. मानेवरचे केस उभे, नजर रोखलेली, ओठ वर ओढलेले, ही चिन्हं मोठी मुलं लगेच ओळखतात. लहानांना चित्र काढून दाखवावं लागतं. माझी चित्रकला बेताची आहे, त्यामुळे माझा रागावलेला कुत्रा आणि हसरा कुत्रा सारखेच दिसतात असं मुलं म्हणतात. आता मी चित्रकलेच्या सरांकडून दोन तक्ते करून घेतलेत.

सहलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांची पिल्लं प्रामुख्याने हिवाळ्यात होतात, आणि आपल्या सहलीही डिसेंबर-जानेवारीतच असतात. घाटातल्या चहाच्या टपरीमागे पोत्यावर चार पिल्लं दिसली की चाळीस मुलं तिकडे धावतात. पिल्लांची आई जवळपास कुठेतरी असतेच. माणदेशात किंवा जत-आटपाडीकडे जाणार असाल तर मेंढरं बसवलेल्या रानाजवळून जाताना थांबावं. मेंढपाळाचा कुत्रा भटका नसतो, तो कामावर असतो. आधी लांबूनच मेंढपाळ मामांना हाक मारावी, ते कुत्र्याला आवरतात, मग जावं.

झाड आणि दगड

प्रत्यक्ष कृती मैदानावर घ्यावी. मी तिला 'झाड' म्हणते. एक मूल कुत्रा होतं, बाकीची चालत असतात. कुत्रा भुंकत आला की सगळ्यांनी जागच्या जागी झाड व्हायचं : पाय जमिनीत रुजलेले, हात अंगाशी, तोंड बंद, नजर कुत्र्याच्या डोळ्यांत न घालता खाली किंवा बाजूला. कुत्रा हुंगतो, त्याला काही मजा वाटत नाही, तो निघून जातो. मग सावकाश, त्याच्याकडे पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे घ्यायचं. हातात खाऊ असेल तर टाकून द्यायचा. दप्तर किंवा छत्री असेल तर ती आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, मारायला उगारायची नाही. आणि पडलोच तर 'दगड' व्हायचं : गुडघे पोटाशी, कपाळ गुडघ्याकडे, दोन्ही हात मानेवर आणि कानांवर, आवाज बंद.

कृती सोपी वाटते, पण पहिल्या वेळी निम्मी मुलं पळतात. पळणं अंगातच असतं. म्हणून ती चार-पाच वेळा तरी घ्यावी लागते. 'बाई, खाली वाकून दगड उचलायचं नाटक केलं की कुत्रा पळतो' असं कुणीतरी हमखास सांगतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते पुष्कळदा खरं ठरतं. पण दुसरी-तिसरीतलं मूल वाकलं की त्याचा चेहरा थेट कुत्र्याच्या तोंडासमोर येतो. लहान मुलांना चावे चेहऱ्यावर, डोक्यावर, हातांवर जास्त बसतात ते त्यांच्या उंचीमुळेच. आणि मेंदूच्या जवळची जखम जास्त घातक. म्हणून लहानांना ही युक्ती शिकवू नये, असं माझं मत आहे.

पाळलेल्या कुत्र्यासाठी एक वाक्य पाठ करून घ्यावं : 'काका, मी हात लावू का?' मालकाने हो म्हटलं तरी कुत्र्याला आधी आपला हात हुंगू द्यायचा. मालक दिसत नसेल तर प्रश्नच मिटला, हात लावायचा नाही.

पिल्लाचा ओरखडा

आता या पाठाचा खरा गाभा. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. विचारलं तर म्हणाला, खिळा लागला. चार दिवसांनी त्याच्या मैत्रिणीने सांगितलं की आजोळी यात्रेला गेला होता, तिथे पिल्लू चावलं. घरी आजीने चुना लावला होता. त्याने आईला का सांगितलं नाही? दोन कारणं निघाली. एक, 'तिकडे जाऊ नको' असं सांगूनही तो गेला होता, म्हणजे मार पडणार. दुसरं, 'कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घेतात.' त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, लस सुरू झाली, आज तो कॉलेजात आहे. पण ते चार दिवस आठवले की अजूनही माझ्या पोटात खड्डा पडतो.

ती चौदा इंजेक्शनं कुठून आली तेही मुलांना सांगावं. १८८५ च्या जुलैमध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर पहिल्यांदा लस टोचली आणि तो वाचला. आपल्या देशात १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली. तिथे डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये तयार केलेली लस पुढे अनेक दशकं वापरात होती. तीच ती पोटातली, दुखणारी. २००४-०५ च्या सुमारास ती आपल्याकडे बंद झाली. म्हणजे आज शाळेत असलेल्या एकाही मुलाने ती घेतलेली नाही, पण तिची भीती आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे चालत आली आहे. आताची लस दंडात देतात, त्वचेत किंवा स्नायूत. सरकारी दवाखान्यात त्वचेत देतात तेव्हा पहिल्या दिवसाला शून्य धरून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस असं साधारण वेळापत्रक असतं. स्नायूत देतात तेव्हा त्यात चौदावा दिवसही येतो. पोटात काहीही टोचत नाहीत.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. पण लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा तर कधी वर्ष. या मधल्या काळातच सगळं करता येतं. म्हणून 'जखम भरली, आता काय' हा विचार जीवघेणा आहे. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातला एक तरुण राज्यस्तरीय कबड्डीपटू असाच गेला. गटारात पडलेल्या पिलाला बाहेर काढताना ते त्याच्या बोटाला चावलं होतं. किरकोळ समजून त्याने लस घेतली नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची एक महिला रेबीजने गेली. ती फेब्रुवारीत मोरोक्कोला फिरायला गेली होती, तिथे एका पिलाचा नुसता ओरखडा उठला होता. २०१९ मध्ये नॉर्वेची एक चोवीस वर्षांची मुलगी फिलिपीन्समध्ये रस्त्यावर सापडलेलं पिल्लू जवळ घेतल्यानंतर अशीच दगावली. तीन देशांतली तीन माणसं, पण तिघांनाही मोठ्या पिसाळलेल्या कुत्र्याने फाडलेलं नव्हतं. पिल्लू होतं, जखम लहान होती. मोठी जखम घेऊन माणूस आपोआप दवाखान्यात जातो, लहान जखम लपवली जाते.

परदेशी जाणाऱ्यांनी आणि परदेशातून येणाऱ्यांनी

गावातलं कुत्रं चावलं की जुनी माणसं म्हणतात, 'दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा.' त्यात तथ्य आहे. चावताना ज्याच्या लाळेत विषाणू असेल तो कुत्रा सहसा दहा दिवसांच्या आत मरतो. पण लस ताबडतोब सुरू करायची आणि कुत्र्यावर लक्ष ठेवायचं, असा त्याचा क्रम आहे. लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीच कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ शकतो, त्यामुळे 'कुत्रं चांगलं दिसत होतं' या वाक्याला अर्थ नाही. प्रवासात तर हा दहा दिवसांचा आधारही नसतो. बालीतल्या समुद्रकिनाऱ्यावरचा कुत्रा दहा दिवसांनी जिवंत होता का, हे सांगलीत बसून कसं कळणार? म्हणून परक्या गावचा चावा नेहमी धोक्याचाच धरायचा.

बालीचं नाव मी मुद्दाम घेतलं. तिथे २००८ पर्यंत रेबीज नव्हता, त्यानंतर आला आणि राहिला. श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम, नेपाळ इथेही तो आहे. जपान, सिंगापूरमध्ये नाही. बालीतली माकडं तर मुलांच्या हातातला खाऊ हिसकावतातच, माकडाच्या चाव्यालाही हेच नियम लागू. अशा ठिकाणी जायच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना चाव्याआधी घ्यायच्या लसीबद्दल विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीत हिचे दोन डोस आहेत, पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी. काही डॉक्टर तिसराही देतात. ही लस आधी घेतलेली असेल तरी चाव्यानंतर दवाखान्यात जावंच लागतं, पण मग दोनच डोस पुरतात आणि जखमेत भरायचं महागडं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. लहान बेटांवर ते इंजेक्शन अनेकदा मिळतच नाही, म्हणून याचं महत्त्व.

आता उलटा प्रवास. माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा सहा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून आजोळी आला होता. तिकडे रस्त्यावर मोकळा कुत्राच नसतो. जो दिसतो तो पट्ट्यातला, धुतलेला, लस दिलेला. ब्रिटनमधल्या कुत्र्यांत कित्येक दशकं रेबीज नाही, ऑस्ट्रेलियातल्याही नाही. त्या बाळाच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे खेळणं. गाडीतून उतरल्या उतरल्या तो गल्लीतल्या काळूला मिठी मारायला धावला, आणि आजी अभिमानाने म्हणाली, 'बघा, अजिबात भीत नाही!' काळू बिचारा समजूतदार निघाला. पण आजी-आजोबांनो, असं नातवंड येणार असेल तर त्याला पहिल्या दिवशी गल्लीतली कुत्री लांबून ओळखीची करून द्या, आणि त्याच्या आईला प्रवासाआधी लसीचं विचारायला सांगा.

गोव्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आपण वर्षातून एकदा तरी तिकडे जातो. तिथे २०१४ पासून सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून गल्लोगल्ली कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांतून धडे घेतले, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, हे त्यामागचं गणित. शाळा, दवाखाने, बस स्थानकं यांच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये आदेश दिले आहेत. त्यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं जातंय, मी त्यात शिरत नाही. गोव्यात शाळेतले धडे त्या कामाचा भाग होते, एवढं आपल्यासाठी पुरे आहे. मात्र गोव्यातही चावा बसला तर दवाखान्यात जायचंच.

चावलं तर

वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे किती ते मुलांना कळत नाही, म्हणून मी एकदा वर्गात घड्याळ लावून सगळ्यांना नुसतं बसवलं होतं. 'बाई, अजून नाही झाली?' असं चारदा विचारून झालं. धुण्याने विषाणू खरोखर कमी होतो, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही. त्यानंतर आयोडिनचं औषध असेल तर लावावं. चुना, हळद, तिखट, तंबाखू, कॉफी, काहीही भरू नये. घट्ट पट्टी बांधू नये. सहलीच्या प्रथमोपचार पेटीत म्हणूनच एक साबणाची वडी ठेवावी, ती जवळपास कुठल्याच शाळेच्या पेटीत नसते.

मग त्याच दिवशी दवाखाना. सहल अर्धवट सोडावी लागली तरी चालेल. रक्त आलं असेल, किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात नसेल तर जिल्हा रुग्णालयात जावं लागेल. पहिल्या डोसच्या दिवशी ते मिळालं नाही तर सात दिवसांपर्यंत देता येतं. परदेशात असाल तर घरी परतेपर्यंत थांबू नये. पहिला डोस तिथेच घ्यावा, लसीचं नाव आणि तारीख लिहून आणावी, उरलेले डोस इथे पूर्ण करावेत. विम्याचे कागद जवळ ठेवावेत.

सहलीहून आल्यावर सोमवारी मी हजेरी घेताना एक प्रश्न विचारते : 'कुणाला कुत्रा, मांजर, माकड काही लागलं का? नखसुद्धा?' आधीच सांगितलेलं असतं की खरं सांगणाऱ्याला कुणीही रागावणार नाही, आई-बाबांशी मी बोलेन. गेल्या वर्षी या प्रश्नाला तीन हात वर आले. एकाला मांजराने ओरबाडलं होतं, एकीला हॉटेलातल्या पिलाचे दात लागले होते. तिसऱ्याला काहीच झालं नव्हतं, त्याला फक्त सांगायचं होतं की महाबळेश्वरच्या पॉइंटवर एक कुत्रा त्याच्या अंगावर भुंकत आला तेव्हा तो झाड झाला होता.